घरटी एक हात

गोल्फ हा खेळ मी आयुष्यात एकदाच जवळून पाहिला, आणि तो बघायला मला गावाने पाठवलं होतं. हे ऐकून लोक हसतात. कोकणातलं, डोंगराच्या कुशीत अडकून राहिलेलं गाव, जिथे मोबाइलला रेंज हवी असेल तर देवळाच्या जोत्यावर चढावं लागतं, त्या गावाने गोल्फचं मैदान बघून यायला माणसं धाडली, यात हसण्यासारखं आहेच. मला मात्र तेव्हा हसू आलं नव्हतं. मला त्या सगळ्या प्रकाराची शिसारी आली होती आणि ती मी कुणापासून लपवलीही नव्हती.

झालं असं. आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत, बाकी वर्षभर तापलेला काळा कातळ. तो कुणा एकाचा नाही, वाडीतल्या सगळ्या घरांचा मिळून आहे. सातबाऱ्यावर नावांची ही लांबलचक रांग, त्यात मेलेले जास्त आणि जिवंत कमी. हा सडा एका कंपनीला हवा होता. तिथे ती गोल्फचं मैदान करणार होती. वर अशी मखलाशी की मैदान सार्वजनिक असेल, म्हणजे तिकीट काढून गावकऱ्यांनाही खेळता येईल. कुठले गावकरी, हे कंपनीने बहुतेक नकाशात बघून ठरवलं असावं. आमच्या वाडीत आता बारा महिने उघडं असं एकच घर आहे, ते माझ्या काकीचं. बाकीच्या घरांत गणपतीत आठवडाभर माणसं येतात आणि मग परत कुलपं.

बाकी आम्ही सगळे मुंबईत. लालबाग, परळ, वरळी, आणि ज्यांना तिथे परवडेनासं झालं ते डोंबिवलीत. गावचे निर्णय गावात होत नाहीत, ते परळच्या एका जुन्या चाळीतल्या खोलीत होतात. ती गावाची खोली. आमच्या बापजाद्यांच्या वेळी गिरणीत कामाला आलेले एकटे पुरुष तिथे पाळीपाळीने झोपायचे. आता तिथे कुणी झोपत नाही. भिंतीतल्या खुंट्या तेवढ्या राहिल्यात, आणि महिन्यातून एकदा आमच्या मुंबई मंडळाची सभा भरते. चहा, बटाटवडा, आणि ज्या गावात कुणी राहत नाही त्या गावाची काळजी, असा एकूण कार्यक्रम असतो.

मंडळाचा एक नियम जुना आहे, घरटी एक हात. घरातल्या कर्त्या पुरुषाने हात वर करायचा, तो त्या घराचा. ज्या घरात पुरुष नाही त्या घराचा हात जवळच्या पुतण्याने नाहीतर दिराने वर करायचा. काका गेल्यापासून काकीच्या घराचा हात माझ्याकडे होता. तिला एकच मुलगी, ती लग्न होऊन बडोद्याला. त्यामुळे सभेत मी दोन हात वर करायचो, उजवा माझ्या घराचा आणि डावा काकीच्या. मंडळात कुणालाही यात काही विचित्र वाटत नसे. मलाही नाही.

मंडळाचा अध्यक्ष दादा. दादा म्हणजे माझा लांबचा थोरला चुलतभाऊ, सरकारी नोकरीतून निवृत्त, मुक्काम लोअर परळ. दादाला गोल्फ हवं होतं, कारण त्याच्या जावयाचा साहेब गोल्फ खेळतो. याहून मोठं कारण त्याच्याकडे नव्हतं आणि त्याला ते लागतही नव्हतं. "अरे, इंटरनॅशनल लोक येतील," तो म्हणायचा. इंटरनॅशनल हा शब्द तो गूळ चघळावा तसा चघळत बोलतो. मी विरोधातला. सभेत आमची जुंपली, आणि शेवटी ठरलं की जे बघितलं नाही त्यावर कुणी हात वर करायचा नाही. खाडीपलीकडे एक सार्वजनिक गोल्फचं मैदान आहे. एक गोल्फच्या बाजूचा दादा आणि एक विरोधातला मी, दोघांनी तिथे जावं, रीतसर पैसे भरून आत शिरावं, आणि ही वस्तू सडा देण्याच्या लायकीची आहे का ते येऊन सांगावं.

काकी तेव्हा माझ्याकडेच होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. लालबागची जुनी चाळ बिल्डरला देऊन उभ्या राहिलेल्या आमच्या टॉवरमध्ये, काळा चष्मा लावून, ती गॅलरीत बसून असायची आणि खाली दिसणाऱ्या टॅक्सींना नावं ठेवायची. जायचा दिवस ठरवायला दादा घरी आला, ते आमचं बोलणं तिच्या कानावर गेलं.

"माका पण बघूचां आसा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "काकी, तिथे तुला काय बघायचंय? गवत आहे नुसतं."

"गवत बघूक तुमी टॅक्सी करून जातास, मगे मी कित्याक नको?"

दादाने मान डोलावली. त्याला वाटलं, म्हातारी हिरवळ बघून हरखेल आणि आपल्या बाजूला येईल. मला वाटलं, ती तिथली माणसं बघून दोन शिव्या हासडेल आणि त्या मला अहवालात वापरता येतील. दोघेही तिला कामाला लावायच्या विचारात होतो.

रविवारी सकाळी निघालो. दादा पांढरेशुभ्र बूट घालून आला होता. विकत घेतलेले, मुद्दाम. डोक्याला टोपी, आणि शर्ट असा की त्याच्या बायकोने बहुतेक तो बघूनच डोळ्यांवर हात ठेवले असतील. खाली उतरताना लिफ्टमध्ये त्याने आरशात स्वतःला बघितलं आणि पोट आत घेतलं. खाडी येईपर्यंत त्याने ते तसंच धरून ठेवलं होतं, मग सोडलं.

मैदानाच्या दाराशी मोठ्ठी पाटी: सर्वांसाठी खुले. त्याखाली अटी. शर्टाला कॉलर हवी. पायात बूट हवेत. बाहेरचं खाणं आणू नये. मोठ्याने बोलू नये. सार्वजनिक या शब्दाखाली इतक्या अटी मी फक्त सार्वजनिक शौचालयावर वाचल्या आहेत, आणि तिथे निदान कॉलर लागत नाही. दारावरचा रखवालदार काकीकडे बघत राहिला. साडीला कॉलर असावी की नसावी, याबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. चपला बघून तो आणखी गोंधळला. काकीने काळ्या चष्म्यातून त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने दार उघडलं.

आत खिडकीशी कळलं की मैदानावर खेळायचं तर खेळता येतं असा दाखला हवा. आता ज्याला खेळता येत नाही त्याने शिकायचं कुठे, तर तेही इथेच, वेगळे पैसे भरून. आमच्यासारख्यांना फक्त एका कडेला रांगेत उभं राहून चेंडू मारता येतात. बादलीभर चेंडू देतात, काठी भाड्याने देतात. चेंडू आपण आणायला जायचं नाही, तो मारायचा आणि विसरायचा. याला ते सराव म्हणतात. याशिवाय आणखी थोडे पैसे भरले तर बॅटरीवरच्या छोट्या गाडीत बसवून मैदान फिरवून आणतात. दादाने दोन्ही घेतलं, मंडळाच्या खर्चाने.

तिथे खेळणाऱ्या माणसांबद्दल काय सांगू. पोटं सुटलेले, गुडघे दुखणारे, पण चेहऱ्यावर असा भाव की जगाचा गाडा आपणच ओढतोय आणि आज रविवार म्हणून जरा टेकलोय. एक जण काठी हातात घेऊन चेंडूसमोर उभा राहिला. ढुंगण हलवलं. थांबला. परत हलवलं. आकाशाकडे बघितलं. मला वाटलं याला काही होतंय, पाणी द्यावं. मग त्याने मारला, आणि चेंडू चार पावलं लांब जाऊन गवतात बसला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने "वेल प्लेड सर" म्हटलं. हा मागचा माणूस त्याची पिशवी वाहायला ठेवलेला. उन्हात दिवसभर दुसऱ्याची पिशवी वाहायची आणि वर खोटं बोलायचं, दोन्ही कामांचा एकच पगार. आमच्या चाळीत गॅलरीतून चेंडू खाली गेला तर मारणाऱ्याचा उद्धार व्हायचा. इथे चेंडू शोधत हिंडतात, त्याला खेळ म्हणतात आणि त्याचे पैसे देतात. वेड लागलंय लेकाच्यांना, दुसरं काय.

आणि मग दादाने पिशवीतून नारळ काढला.

खरं सांगायचं तर यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे कुठल्याही नव्या जागेत काही सुरू करायचं तर आधी त्या जागेच्या राखणदाराला सांगतात. राखणदार म्हणजे त्या जमिनीचा सांभाळ करणारा, प्रत्येक जमिनीला असतोच. त्याला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने विनंती करायची. क्रिकेटची स्पर्धा असो, मांडव असो. टॉवरमध्ये राहायला गेलो तेव्हा आम्ही पार्किंगमध्ये नारळ ठेवला होता आणि बिल्डरचा माणूसही हात जोडून उभा होता. तेव्हा दादाने टोपी काढली, नारळ गवतावर ठेवला आणि त्याच्या त्या सभेतल्या आवाजात सुरू झाला, "बा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा, आमी लांबसून इलंव, तुझ्या जाग्यात पाय ठेवलंव, काय चुकला तर पोरां म्हणान सांभाळून घे."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. हे मी ठरवून म्हणालो नाही. गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्या तोंडून ते निघतंच, मनात कितीही तुच्छता भरलेली असली तरी. काकीही म्हणाली, माझ्यापेक्षा मोठ्याने.

आजूबाजूच्या काठ्या थांबल्या. एक शिटी वाजली. रखवालदार धावत आला, त्याच्यामागे दुसरा, आणि त्यांच्यामागे वॉकीटॉकीत बोलत मैदानाचा मॅनेजर. मोठ्याने बोलू नये ही अट आम्ही मोडली म्हणून असेल, असं मला वाटलं. पण मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुठल्या पाड्यावरचे तुम्ही? आज परवानगी नाहीये. आजचा दिवस नाहीये तुमचा," तो म्हणाला.

दादाने अभिमानाने आमच्या गावाचं नाव सांगितलं. मॅनेजरने असं गाव कधी ऐकलंच नव्हतं. मग आम्ही मुंबईहून आलोय, गोल्फ शिकायला आलोय, हे दादाने टोपी परत घालत सांगितलं, बूट दाखवले, पावती दाखवली, तेव्हा कुठे त्या माणसाचा जीव भांड्यात पडला. तो इतका सैल झाला की बॅटरीच्या गाडीत आमच्याबरोबर स्वतःच बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

हे मैदान व्हायच्या आधी इथे एक गाव होतं. म्हणजे गाव अजून आहे, कुंपणाच्या पलीकडे. त्या गावाचा राखणदार मात्र आत राहिला. मैदानाच्या मध्यावर एक जुनं झाड आहे, त्याखाली शेंदूर फासलेला धोंडा, आणि त्याच्याभोवती आता लोखंडी कठडा. वर्षातून एक दिवस गावाला आत सोडतात. नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात आणि जातात. एका वर्षी नारळ ठेवायला बसलेली माणसं दिवसभर उठलीच नव्हती, तेव्हापासून नारळ दिसला की मॅनेजर आधी शिटी वाजवायला लावतो.

गाडी त्या झाडापाशी आली. कठड्याला सुकलेला हार अडकलेला होता. पलीकडे एक जण चेंडू मारायच्या तयारीत ढुंगण हलवत होता. काकीने गाडी थांबवायला सांगितली, चष्मा काढला, हात जोडले.

"दर वर्सा येतत?" तिने विचारलं.

"न चुकता," मॅनेजर म्हणाला. "टेम्पो भरून येतात. लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळे. फार डोक्याला ताप होतो आम्हाला."

मला तर घबाड सापडलं. मी दादाकडे वळलो. "ऐकलंस? हे लिही तुझ्या अहवालात. आपल्याच राखणदाराला भेटायला परवानगी काढायची, आणि आपण आलो की शिट्ट्या. हेच होणार सड्यावर." दादा बुटाला लागलेला चिखल टिशूने पुसत होता. गाडी पुढे निघाली तरी काकी मागे वळून त्या हाराकडे बघत होती. मी मनाशी म्हटलं, म्हातारी आपल्या बाजूला आली.

नंतर आम्ही कँटीनमध्ये बसलो. चहा म्हणून गरम पाण्याचा कप आणि बाजूला दोऱ्याची पुडी ठेवली. सँडविच इतकं थंड आणि ओलं होतं की ते रात्रभर बाहेर विसरलेलं असावं. काकीने मात्र सगळं आवडीने खाल्लं. इथलं संडास किती स्वच्छ, तिने सांगितलं. गाडी किती मऊ चालते. पायाखाली कुठे एक दगड नाही, ठेच लागायची भीती नाही. मला राग आला. इतकं कौतुक मी माझ्या घराचंही तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

टॅक्सीत मी माझा निकाल सुनावला. तिकीट म्हणून बघितलं तर पैसे पाण्यात. खेळ म्हणून बघितलं तर भिकार. आणि सडा देऊन हे घ्यायचं म्हणजे अंगणातली विहीर देऊन बिसलेरीची बाटली घ्यायची. हे वाक्य मला आवडलं, मी ते दोनदा म्हटलं. दादा पुढच्या सीटवर झोपला होता किंवा झोपेचं सोंग घेऊन होता. काकी खिडकीतून खाडी बघत होती.

दुपारी घरी जेवताना मी पुन्हा सुरू झालो. राखणदार, कठडा, सुकलेला हार. बायको ताटं वाढत होती आणि "पुरे आता" असं डोळ्यांनी सांगत होती. काकीने भातावर सोलकढी ओतून घेतली आणि म्हणाली,

"वर्सातसून एकदा तरी येतत मां ते. टेम्पो भरून येतत."

"म्हणजे?"

"आमच्या राखणदाराकडे कोण येता? कुंपण नाय, शिटी नाय, परवानगी नाय. तरी कोण येता?"

मी म्हटलं, गणपतीत येतो की आम्ही. ती म्हणाली, गणपतीत तुम्ही घरी येता, सड्यावर कोण चढतं. गेल्या पावसाळ्यात शेजारीण गेली, ते तिने सांगितलं. ते मला माहीत होतं, मंडळाच्या ग्रुपवर आलं होतं, मी हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. पण कशी गेली ते माहीत नव्हतं. छातीत कळ आली. गाडी बोलावली तर ती खाली नदीपाशी थांबली, कारण वाडीत रस्ता नाही, पाखाडी आहे, जांभ्या दगडाच्या पायऱ्या. वाडीत उचलायला माणूस नाही. पलीकडच्या गावातून माणसं येईपर्यंत काकी तिच्या उशाशी बसून होती. मग तिला खुर्चीला बांधून पायऱ्यांवरून उतरवलं. अर्ध्या पाखाडीवर खुर्ची खाली ठेवली, कारण आता घाई करायचं काही कारण उरलं नव्हतं.

"कंपनी सड्यावर जाऊक रस्तो करतली," काकी म्हणाली. "वाडीतसूनच करूक होयो, दुसरी वाट नाय."

"तो रस्ता तुझ्यासाठी नसेल, काकी. त्यांच्यासाठी असेल."

"असू दे तेंचो. गाडी तरी दारापर्यंत येतली. दिवो लागतलो. चार माणसां दिसतली. ढुंगाण हलवणारी असली तरी माणसां ती माणसां."

बायको हसली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, एक रस्ता आणि चार दिवे यांच्यासाठी पूर्वजांची जमीन द्यायची का?

काकीने हात धुतले, पदराला पुसले, आणि तिच्या त्या साध्या आवाजात म्हणाली, "तुमी चाळ दिलात. तीव पूर्वजांचीच होती. ती दिलात आणि लिफ्ट घेतलात. तेव्हा मी तुमका काय बोलूक इलंय? बरां केलात. तुमका लिफ्ट आणि माका मात्र पाखाडी, ह्यां कसां?"

"ते वेगळं होतं," मी म्हणालो. कसं वेगळं, ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला तरी कळलं असतं.

यानंतर मी शहाणा झालो असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. उलट मला संताप आला. म्हातारीला दादाने फितवलं, असं मी मनाशी धरून बसलो. गाडीत बसवलं, सँडविच चारलं, आणि भुलली. तिला व्यवहार काय कळतो? त्या आठवड्यात मी अहवाल लिहून काढला, आणि तो चांगला झाला. कॉलर, बादली, पिशवी वाहणारा माणूस, नारळ, मॅनेजर, सगळं आलं. काकीच्या बोलण्यातलं एक अक्षरही मी त्यात घातलं नाही.

सभेच्या दिवशी सकाळी काकी चांगली साडी नेसून तयार होती. केसांना तेल, कपाळाला बुक्का. मी म्हटलं, "काकी, सभेला बायका येत नाहीत. सत्यनारायणाला येतात." ती म्हणाली, "बरां," आणि चपला घालायला लागली. टॅक्सीने आम्ही परळला पोचलो. चाळीचे जिने चढायला मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. पाखाडी चढणाऱ्या पायांना जिने ते काय.

खोली भरली होती. ती दाराच्या उंबऱ्यापाशी, चपलांच्या ढिगाजवळ भिंतीला टेकून बसली. कुणी तिला आत ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. चहा देणाऱ्याने तिला आधी चहा दिला, एवढंच.

मी अहवाल वाचला. माझ्या आयुष्यात माझ्या बोलण्याला इतका हशा कधी मिळाला नव्हता. ढुंगण हलवणाऱ्याची मी नक्कल करून दाखवली, तेव्हा वरळीचा आमचा एक मामा हसून हसून खोकायला लागला. नारळाची गोष्ट आल्यावर लोक पुढे सरकून बसले. आपला राखणदार लोखंडी कठड्यात, हे वाक्य मी हळू आवाजात म्हटलं. मला दिसत होतं, सभा माझ्या मुठीत आली होती. दादाने आपलं इंटरनॅशनल सुरू केलं तर लोक त्याच्या पांढऱ्या बुटांकडे बघून कुजबुजायला लागले.

मग हात. ज्यांना नको त्यांनी आधी, असं ठरलं. निम्म्याहून जास्त खोलीने हात वर केला. मी उजवा केला, माझ्या घराचा. आणि सवयीने डावा, काकीच्या घराचा.

"डावो खाली कर," उंबऱ्यावरून आवाज आला.

सगळी खोली मागे वळली. मी हात तसाच ठेवून म्हटलं, "काकी, आपण घरी बोलू."

"तुझो हात तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "माझो मी घेवन इलंय."

मी डावा हात खाली घेतला. दादाचा चेहरा असा खुलला, जणू आता जिंकलंच. "काकीचा हात आमच्या बाजूने धरा," तो हात मोजणाऱ्याला म्हणाला.

"तुझ्या बाजून नाय," काकी म्हणाली. "तू खंय येतलंस गोल्फ खेळूक, माका ठावक आसा. तू गप ऱ्हव."

ती भिंतीला धरून उभी राहिली. काळा चष्मा काढला. ज्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं तो अजून लाल होता. तिने वर केलेल्या हातांकडे एकेक करून बघितलं. त्यातल्या निम्म्यांना तिने लहानपणी गणपतीत पंक्तीत वाढलेलं होतं.

"हात वरच ठेवा," ती म्हणाली. "सडो देवक नको, माका पण नको. माझ्या घोवाचो बाप त्या सड्यावर गवत कापी. पण ज्येंचे हात वर आसत, तेंच्यातलो वाडीत ऱ्हवाक कोण येतलो, तेवढां सांगा. म्हातारपणाक येवा, आजच नको. एकान जरी दार उघडतंय म्हणान सांगल्यान, तर माझो हात तुमच्याबरोबर. नायतर माका रस्तो होयो, आणि तो जो कोण देयत तेका माझो हात."

खाली रस्त्यावर टॅक्सीचा हॉर्न वाजला. वरळीच्या मामाने घसा खाकरला आणि हात खाली घेतला, जणू त्याला खिशातून काहीतरी काढायचं होतं. मग त्याच्या शेजारच्याने. मग डोंबिवलीचे, सगळे एकदमच. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रत्येक जण आपला हात मांडीवर ठेवून त्याच्याकडेच बघत होता.

काकी आता माझ्याकडे बघत होती. शेवटचा हात माझाच होता. मी तो बराच वेळ वर ठेवला. तोंड उघडलं तर काय निघेल, हे मला नीट माहीत होतं. बायको इथे, नातवंडं इथे, गॅस इथे, डॉक्टर इथे, लिफ्ट इथे.

मी हात खाली घेतला. खांदा भरून आला होता, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं.